पेशव्यांची सनद हेगच्या न्यायालयात

प्रश्न : दादरा-नगर हवेलीवरून पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता आणि तेथे पेशव्यांच्या कागदपत्रांचा कीस पाडला गेला, असे आमचे आजोबा सांगत. हे खरे आहे का? आणि सार्वभौम देशांना बांधणारा कायदा मुळात येतो कुठून? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : आजोबांनी सांगितले ते खरे आहे. जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये दादरा व नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली. दमणहून तेथे पोहोचायचे तर भारताच्या हद्दीतूनच जावे लागे आणि ती वाट भारताने बंद केली होती. ही वाट आपल्या हक्काची आहे, असा पोर्तुगालचा दावा होता.

देशांना बांधणारा कायदा मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो : त्यांनी केलेले करार आणि कायदा म्हणून पाळली गेलेली रूढी. त्याखेरीज सर्वत्र मान्य असलेली कायद्याची सामान्य तत्त्वेही न्यायालय विचारात घेते. या सर्वांच्या मुळाशी देशांची संमती असते. फार काय, न्यायालयापुढे उभे राहण्यासही ती लागते. पोर्तुगालने 19 डिसेंबर 1955 रोजी न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचे घोषणापत्र दिले आणि तिसऱ्याच दिवशी, 22 तारखेला, दावा दाखल केला. घोषणापत्राची प्रत आपल्या हाती पडण्यापूर्वीच दावा लागला, ही भारताची तक्रार न्यायालयाने 1957 मध्ये फेटाळली, कारण भारताने हा अधिकार आधीच मान्य केलेला होता आणि घोषणापत्र संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे जमा होताच दोन्ही बाजू बांधल्या गेल्या होत्या. पोर्तुगालची ही चपळाई कायद्यात बसणारी होती, एवढेच म्हणता येईल.

आता पेशव्यांच्या कागदांकडे वळू. 1779 चा पुण्याचा तह आणि त्यानंतरच्या 1783 व 1785 च्या सनदा यांनी मराठ्यांनी ही गावे आपल्याला कायमची तोडून दिली, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. न्यायालयाने तहाच्या सतराव्या कलमाचे निरनिराळे पाठ तपासले, सनदांतील शब्द पाहिले आणि सालीना बारा हजार रुपये वसुलाची जहागीर किंवा सरंजाम एवढेच दिले गेले, सार्वभौमत्व नव्हे, असा अर्थ लावला. सरंजाम म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळे सांगावे लागत नाही, पण हेगमध्ये त्या एका शब्दावर बरेच काही अवलंबून होते.

मात्र प्रकरण तेथे मिटले नाही. मराठ्यांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी ही गावे पोर्तुगीजांच्या पूर्ण अमलाखाली असलेली पाहिली आणि ती स्थिती तशीच मान्य केली. पुढे सव्वाशे वर्षे खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा विनाहरकत चालू राहिली, म्हणून केवळ दोन देशांमधील वहिवाटीतूनही बंधनकारक रूढी तयार होऊ शकते, असे न्यायालयाने ठरवले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना मात्र परवानगी घ्यावी लागे. आणि जे मागून घ्यावे लागते त्याला हक्क म्हणता येत नाही. 12 एप्रिल 1960 च्या निकालात पहिला मुद्दा 11 विरुद्ध 4 मतांनी पोर्तुगालच्या बाजूने, तर सैन्याचा मुद्दा 8 विरुद्ध 7 अशा निसटत्या बहुमताने भारताच्या बाजूने गेला. दादऱ्यातील सत्तापालटानंतर भोवतालच्या मुलखात तणाव होता, त्यामुळे वाट रोखण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, हेही 9 विरुद्ध 6 मतांनी ठरले. भारताच्या वतीने त्या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला बसले होते.

प्रश्न : हरलेल्या देशाने निकाल धुडकावला तर? (तेच वाचक)

उत्तर : न्यायालयाजवळ पोलीस नाहीत आणि जप्तीसाठी बेलीफही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम 94 नुसार जिंकलेला देश सुरक्षा परिषदेकडे जाऊ शकतो, पण तेथे पाच देशांना नकाराधिकार आहे. 1986 मध्ये निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध निकाल मिळवला, तेव्हा त्याच्या पालनासाठी आलेला ठराव अमेरिकेने स्वतःच नकाराधिकार वापरून अडवला. नुकसानभरपाईची रक्कम ठरायची बाकीच होती. ती ठरण्यापूर्वीच निकाराग्वातील सरकार बदलले आणि 1991 मध्ये त्या देशाने आपणहून दावा मागे घेतला.