वडिलांचा सीटी नॉर्मल आला, तरी डॉक्टर परत कॅव्हर्नस सायनसचा एमआरआय का सांगतायत?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना आठ दिवस डाव्या डोळ्यामागे ठणकतंय, दोन-दोन दिसतंय, साधा सीटी नॉर्मल, मग परत खर्च कशाला. मी रेडिओलॉजिस्ट आहे, करून घ्या असंच सांगेन.

पहिलं म्हणजे हा सर्दीवाला सायनस नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीची, शिरांच्या रक्ताने भरलेली जागा असते, तोच कॅव्हर्नस सायनस, तिच्यातून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी जाते आणि डोळा हलवणाऱ्या तिन्ही नसासुद्धा. दोन नसा बाहेरच्या भिंतीत असतात, तिसरी, जिला सहावी नस म्हणतात, ती मात्र धमनीला लागून आतच, म्हणून बरेचदा आधी तीच कचाट्यात सापडते आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळेनासा होतो.

साध्या सीटीत इथे रक्त, गाठ, सूज सगळं करड्यात करडं. एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं औषध, ज्याने भाग उजळून दिसतो) देऊन, समोरून उभे पातळ काप घेऊन आणि चरबीचा सिग्नल दाबून बघावं लागतं, कारण डोळ्यामागची चरबी आधीच पांढरी, पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार! मग आम्ही बाहेरची भिंत फुगलीय का बघतो, गुठळी असेल तर आजूबाजूला कॉन्ट्रास्ट भरतो आणि तेवढी जागा काळी राहते, मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, धमनीला आवळतो, पिट्युटरीची गाठ वेढते पण सहसा आवळत नाही.

वडिलांना शुगर आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. २०२१ मध्ये म्युकरच्या (शुगरवाल्यांना जास्त होणारी, नाकातून डोळ्याकडे सरकणारी काळी बुरशी) केसेस बघून आम्हाला सवयच लागलीय, डोळ्याचा पेशंट असला तरी नजर आधी नाकात जाते. नाकातला टर्बिनेट, म्हणजे आतल्या भिंतीवरचा मांसल उंचवटा, कॉन्ट्रास्टने छान उजळतो, बुरशीने मेलेला असला की काळाच्या काळा. आणि टोलोसा-हंट नावाची कॅव्हर्नस सायनसची सूज असते, तिचं दुखणं स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत उतरतं, पण लिम्फोमा नावाचा कॅन्सरही स्टेरॉइडने तात्पुरता दबतो आणि बुरशी तर उलट भडकते. म्हणून कोणी 'आधी स्टेरॉइड देऊन बघू' म्हणालं तर एमआरआय आधी करायचा का, हे तिथेच विचारा.

एकदा बाइकवरून पडलेला एक मुलगा आला होता, लाल डोळा म्हणून तीन आठवडे ड्रॉप्स घालत होता. कानात सूं-सूं होतं म्हणाला, पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला तर आतून ठोक्याबरोबर फुसफुस, धमनी फुटून रक्त थेट सायनसमध्ये जात होतं! स्कॅनवर डोळ्यामागची शीर पेन्सिलीएवढी जाड. त्याला पुढे अँजिओग्राफी करून ते भोक बुजवायला कॉइल, म्हणजे बारीक तारेची वेटोळी, टाकल्या.

जाताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या, पेसमेकर असेल तर आधी सांगा, जुन्या सीटीची सीडी पण न्या, आणि फॉर्मवर नुसतं 'डोकेदुखी' लिहिलं असेल तर 'डावा डोळा, दोन दिसतं' हे लिहून घ्या, त्यावरच कुठले काप घ्यायचे ते ठरतं. ताप असेल किंवा नजर कमी होत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, आजच इमर्जन्सीत न्या.