वाटीसकट हॉटेल घ्या

प्रश्न : ताई, शाळेत असल्यापासून ज्या हॉटेलात जेवतोय, तिथले काका आता थकलेत. मुलांना त्यात रस नाही. परवा बिल देताना मला म्हणाले, "तूच घे की चालवायला." थोडी शिल्लक आहे, पण भटारखान्यात मी कधी पाऊल टाकलेलं नाही आणि त्यांच्याकडे एकही माप लिहिलेलं नाही. मित्र म्हणतात, महिनाभर बंद ठेव, आतून नवं कर, मग दणक्यात उघड. काय करू?

उत्तर : मित्रांना जेवायला बोलवा, सल्ल्याला नको. महिनाभर कुलूप दिसलं की रोजचं गिऱ्हाईक दुसरीकडे बसायला लागतं. आणि आचारी तोवर काय बिनपगारी थांबणार? तो गेला की तुमच्याकडे उरतात टेबलं.

मीही असंच चालतं हॉटेल घेतलं होतं. आधीच्या मालकीणबाईंनी सगळं तोंडी सांगितलं, मी वहीत उतरवलं. 'मोठ्या पातेल्याला मीठ दोन वाट्या' वगैरे. आणि पहिल्याच आठवड्यात हौसेनं भांडी बदलली. ताटात उरायला लागलं. कुणी तक्रार करेना, नुसतं पाणी जास्त मागायचे. शेवटी आमच्या आचाऱ्यानं भंगारातून जुनी वाटी काढून माझ्यापुढे ठेवली. बुडाला पोचा पडून ते चांगलंच आत गेलेलं. नवी वाटी दिसायला तेवढीच, पण दर वेळी मीठ जास्त घेत होती. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

म्हणून आधी दीड-दोन महिने वजनकाटा घेऊन काकांच्या शेजारी उभे राहा. 'किती घालता?' विचारू नका. 'अंदाजानं' हेच उत्तर येईल. त्यांनी हात घालण्याआधी मिठाचा डबा तोला, नंतर पुन्हा तोला. जो फरक येईल तो त्यांचा अंदाज. आठ-दहा दिवस असं करा, म्हणजे हात कधी सैल पडतो, कधी आखडतो तेही कळेल. मग मीठ एकूण वजनाच्या टक्क्यात लिहा : 10 किलोला 100 ग्रॅम म्हणजे 1 टक्का. त्यानंतर वाटी कुठलीही चालेल. आच आणि वेळही टिपा. खोल पातेल्यात दुप्पट माल शिजवला तर वरचा उघडा भाग दुप्पट होत नाही, पाणी त्या मानानं कमी आटतं आणि चव पातळ लागते. लोखंडी तव्यावरचा काळा थर म्हणजे मळ नव्हे, तापून तापून घट्ट बसलेलं तेल आहे. नव्या पोऱ्याला तो घासू देऊ नका. जागा बदलायचा विचार असेल तर आधी तिथलं पाणी पाहा. जड पाण्यात कडधान्यं लवकर मऊ होत नाहीत.

कागदाचं थोडक्यात. जागा भाड्याची असेल तर जागामालकाची लेखी संमती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. हॉटेलचं नाव तुम्हाला मिळतंय हे करारात हवं. हस्तांतराच्या तारखेपर्यंतची देणी, पगार, कर कोणाचे तेही. मुलांच्या सह्या घ्या, आज रस नसला तरी. परवाने आपोआप तुमच्या नावावर होतील असं धरून चालू नका, त्या त्या कार्यालयात विचारा. आणि काही रक्कम शिकवणं पूर्ण होईपर्यंत मागे ठेवा. काका कितीही जवळचे असले तरी.

नंतर काही महिने त्यांना गल्ल्यावर बसू द्या, पण संध्याकाळी दोनच तास. दिवसभर बसले तर आचारी तुमचं ऐकत नाही, हे मी भोगलंय. रंग द्यायचाच असेल तर तोच द्या, रात्री, एकेक भिंत. आणि सामानाच्या यादीत काकांची जुनी वाटी आठवणीनं लिहून घ्या, नाहीतर काकू ती घरी घेऊन जातील.