खुनाच्या खटल्यात साक्षीदाराला संरक्षण मिळतं का?

तुमचे मामा साक्री तालुक्यातल्या एका खुनाचे साक्षीदार आहेत, खटला धुळ्याच्या सत्र न्यायालयात आहे आणि तारखेला आरोपीचे नातलग आवारात येऊन उभे राहतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना संरक्षण मिळेल का, आणि ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, असती तर बरं झालं असतं का, हे तुमचे प्रश्न.

संरक्षण मिळतं, पण लेखी मागावं लागतं. मी पोलीस खात्यात पैरवीचं काम केलंय. समन्स बजावायचं, साक्षीदाराला तारखेला हजर करायचं. न्यायाधीश साहेब समोर बसलेले असताना सहसा कुणी काही करत नाही. दबाव येतो तो व्हरांड्यात, चहाच्या टपरीवर आणि परतीच्या एस.टी.त. आरोपीचा चुलता त्याच गावचा, त्याच बसने आलेला. तो ना शिवी देतो, ना हात उगारतो. शेजारी येऊन बसतो आणि विचारतो, "काय भाऊ, कथा चालना?" (अहिराणीत, कुठे चाललास?) तेवढ्यावर माणूस पिंजऱ्यात उभा राहून "मला काही माहीत नाही" म्हणून मोकळा होतो. मग साक्षीदार फितूर झाला म्हणून सगळे त्यालाच नावं ठेवतात. मला हे कधीच पटलं नाही. त्याला रात्री त्याच गल्लीत झोपायचं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला महेंद्र चावला खटल्यात साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि ती देशभर लागू केली. जिल्ह्याची समिती असते; अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, सोबत जिल्ह्याचे पोलीसप्रमुख आणि सरकार पक्षाच्या वकिलांचे प्रमुख. अर्ज आला की डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) धोक्याचा अहवाल देतात, त्यासाठी पाच कामकाजाचे दिवस. मामांच्या अर्जात मोघम "भीती वाटते" लिहू नका. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, काय बोललं ते लिहा. आणि नेमकं मागा: तारखेला सरकारी गाडीने ने-आण, आरोपीशी समोरासमोर गाठ पडणार नाही अशी सोय, घराकडे गस्त. धमकावून खोटी साक्ष द्यायला लावणं हा वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहिता कलम २३२, शिक्षा सात वर्षांपर्यंत. आरोपी जामिनावर असेल तर जामीन रद्द करण्याचं सरकारी वकिलांशी बोला.

आरोपीलाही जपावं लागतं, हे गावात कुणाला आवडत नाही तरी सांगतो. १३ ऑगस्ट २००४ ला नागपुरात अक्कू यादव या गुंडाला जमावाने कोर्टातच मारलं. २४ सप्टेंबर २०२१ ला दिल्लीच्या रोहिणी कोर्टात वकिलाच्या वेशातल्या दोघांनी जितेंद्र गोगी या गुंडावर गोळ्या झाडल्या. दोन्ही वेळा आरोपी सरकारच्या ताब्यात होता. म्हणून गेटवरची झडती वकिलांसकट सगळ्यांची झालीच पाहिजे, आणि साध्या तारखेला कैदी पार्टी (कैद्याला कोर्टात नेणारं पोलीस पथक) पाठवण्यापेक्षा जेलमधून व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) हजेरी बरी.

ज्युरी आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटीच्या १९५९ च्या खून खटल्यानंतर बंदच पडत गेली; १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती नव्हतीच. असती तर आणखी तितक्या माणसांना जपावं लागलं असतं. अमेरिकेत टोळ्यांच्या खटल्यांत ज्युरींची नावंसुद्धा गुप्त ठेवावी लागतात. तालुक्याच्या गावात नाव लपवणार कुठे?

अर्ज सरकारी वकिलांमार्फत द्या आणि पोच घ्या. साक्षीची तारीख जवळ आली असेल तर त्याच अर्जात अंतरिम संरक्षणही मागा. धोका गंभीर असेल तर अहवालाची वाट न बघता समिती ते देऊ शकते.