पहिल्यांदा कसारा घाट चढताना

ठाण्याहून पहिल्यांदाच इगतपुरीला निघतोयस ना, मग आधी रेल्वेने जाऊन ये. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी, इंजिनं जोडतात, कारण पुढचा चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. खिडकीत बसून डोंगर कसा वर सरकतो ते बघ, घाटाचा अंदाज येतो.

मग सायकल. चढताना पहिल्याच वळणाला दम घालवू नकोस, हलक्या गिअरवर एका लयीत पाय चालव. खरी परीक्षा उताराची. ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी कर. दोन्ही ब्रेक थोडे दाब, थोडे सोड. रिम ओली असेल तर पहिल्या दाबाला ब्रेक नीट धरत नाही, पुढच्या गाडीपासून लांब राहा. धुकं दाटलं तर टपरीवर थांब, हट्ट नको. जुलैतला घाट देखणा असतो हे मान्य, पण पहिली खेप पाऊस सरल्यावरच कर.

कारचं थोडक्यात: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, न्यूट्रल कधीच नाही. आणि माजिवड्याहून पहाटेच नीघ, भिवंडी बायपासला ट्रक तुंबायच्या आत.