व्हीलचेअरवरून नाशिकच्या परिषदेला येताना

खोली ठरवताना हॉटेलला 'व्हीलचेअर चालेल का?' असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात. टेप लावून काढलेले फोटो मागवा: खोलीचं दार, लिफ्टचं दार, आणि मुख्य म्हणजे बाथरूमचं दार. घोडं बहुतेक तिथेच अडतं. खोलीचं दार ९० सेंटिमीटर असलं तरी बाथरूमचं अनेकदा ६०-६५, त्यात आत उघडणारं आणि वर उंबरा. आपल्या खुर्चीची चाकाबाहेरच्या कड्यांसकट रुंदी मोजून ठेवा. दारात किमान दहा सेंटिमीटर जास्त हवेत. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबी. सामानाच्या ट्रॉलीसाठी केलेला उभा रॅम्प आपल्या कामाचा नाही. वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, तेही विचारा.

नाशिकरोड स्टेशन शहरापासून नऊ-दहा किलोमीटर दूर आहे. बहुतेक गाड्या तिथे काही मिनिटंच थांबतात, म्हणून दिव्यांग डबा पुढे लागतो की मागे हे आधी बघा आणि मदतनीसाला त्याच टोकाला उभं करा. टॅक्सी सांगताना सीएनजीची नको म्हणा. डिकीत सिलिंडर असतो, खुर्ची मावत नाही.

श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरची गर्दी असते, २०२७ मध्ये तर सिंहस्थच आहे. तेव्हा तारीख कळताच खोली धरा आणि तळमजल्याचं आश्वासन लेखी घ्या.

परिषदेच्या सभागृहाचा मंच आणि स्वच्छतागृह? आयोजकांना हेच प्रश्न, याच मापांत.