'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलंय म्हणून रॅपिड कुक ओव्हनमध्ये चालेलच असं नाही

प्रश्न : कॅफेसाठी रॅपिड कुक ओव्हन घेतलाय, आधी साधा मायक्रोवेव्ह होता. त्याचे 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेले प्लास्टिकचे डबे भरपूर पडलेत, पण त्यातला एक नव्या ओव्हनमध्ये ठेवला तर काठाला वाकडा झाला. डबा खराब निघाला की आमचंच चुकतंय? आणि मेटलचे ट्रे, सिलिकॉनचे मोल्ड, बेकिंग पेपर यातलं नक्की काय चालतं?

उत्तर : डबा खराब नाहीये, तो या ओव्हनसाठी बनलेलाच नाही, त्यामुळे बाकीचेही आजच बाजूला काढा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये तापतं ते अन्न, आणि त्यात पाणी असतं तोवर ते १०० अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून प्लास्टिक टिकतं. रॅपिड कुकमध्ये मायक्रोवेव्ह लहरी असतातच पण त्याच वेळी २५० अंशांच्या आसपास तापलेली हवा जोरात अन्नावर मारली जाते, म्हणून तर सँडविच मिनिट-दीड मिनिटात आतून गरम आणि वरून खरपूस होतं. आता डब्याखालच्या त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक, जे १६० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे वाकणारच की! मेलामाइन, थर्माकोल, क्लिंग फिल्म यांचं तर नावच नको.

म्हणजे भांडं मायक्रोवेव्ह आत जाऊ देणारं हवं, तुमच्या ओव्हनच्या सेट तापमानाला टिकणारं हवं आणि हवा न अडवणारं हवं. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात. खोल, उभ्या कडांच्या भांड्यात ती हवा अन्नाच्या बाजूंपर्यंत पोचतच नाही, मग वरून करपतं आणि बाजू पांढऱ्याफटक राहतात, आणि लोक म्हणतात ओव्हन बरोबर नाही. उथळ, पसरट भांडं घ्या आणि ते भिंतींना चिकटणार नाही इतकी जागा चारी बाजूंनी सोडा.

रोजच्या वापराला माझ्या मते सगळ्यात उपयोगी म्हणजे टेफ्लॉन कोटिंगची फायबरग्लास शीट किंवा त्याच कापडाची जाळीदार बास्केट. मायक्रोवेव्ह आरपार जातात, जाळीतून हवाही जाते, चीज चिकटत नाही. मर्यादा साधारण २६० अंश, त्याच्या वर कोटिंग खराब व्हायला लागतं आणि खूप तापलं तर त्याचा धूर घातक असतो, म्हणून ओव्हन २७० ला ठेवत असाल तर हा पर्याय बाद. शीटवर सुरी चालवू नका, कोटिंग निघालं किंवा कडा उसवल्या की सरळ टाकून द्या. आणि कृपा करून काम झालं की ती बाहेर काढा, कारण हे ओव्हन दोन ऑर्डरच्या मधल्या वेळेतही आतून तेवढेच तापलेले असतात, आत विसरलेली प्रत्येक वस्तू भाजतच राहते.

बेकिंग पेपर पाकिटावर लिहिलेल्या तापमानापर्यंतच, बहुतेक वेळा तो आकडा २२० च्या आसपास असतो. शिवाय अन्नाच्या बाहेर आलेला कागद हवेने उडतो आणि काळा पडतो, कधी पेटतोही, त्यामुळे अन्नाच्या मापाचाच कापा. सिलिकॉनचंही तसंच, त्यावरचा आकडा बघा, आणि जाड मोल्डमध्ये खालची बाजू खरपूस व्हायची अपेक्षा ठेवू नका.

मेटलबद्दल सरसकट हो किंवा नाही सांगता येत नाही. ओव्हनच्या भिंती मेटलच्याच असतात, ठिणग्या पडतात त्या टोकदार कडा, चुरगळलेली फॉइल, स्टेपलची पिन किंवा भिंतीच्या अगदी जवळ आलेला ट्रे यामुळे. काही मॉडेलला ठराविक मेटल पॅन चालतात, काहींना अजिबात नाही, तेव्हा मॅन्युअल काढून बघाच, आणि शेजारच्या कॅफेत चालतो म्हणून आपल्याकडे चालेल असं धरू नका. चालत असला तरी मेटलमधून मायक्रोवेव्ह जात नाहीत, अन्नाला ते फक्त वरून मिळतात, त्यामुळे त्या पदार्थाची वेळ नव्याने बसवावी लागते.

प्रश्न : सिरॅमिकच्या बशीवर काहीच लिहिलेलं नाही, कसं ओळखायचं?

उत्तर : साध्या मायक्रोवेव्हमध्ये रिकामी बशी आणि शेजारी कपभर पाणी ठेवून १ मिनिट चालवा. पाणी गरम आणि बशी गार असेल तर मायक्रोवेव्हपुरती ती पास, बशीच तापली तर नको. सोनेरी-चंदेरी किनार असेल तर ही टेस्टसुद्धा करू नका. पण यातून रॅपिड कुकची उष्णता सोसेल का ते कळत नाही, त्यासाठी ओव्हनप्रूफ लिहिलेलंच भांडं घ्या. काचेचं असेल तर बोरोसिलिकेट म्हणजे उष्णता सोसणारी काच बरी, तरी फ्रीजमधून काढून थेट आत किंवा गरम असताना ओल्या ओट्यावर ठेवलं तर तीही तडकू शकते.

प्रश्न : झाकण ठेवलं तर चालेल का?

उत्तर : घट्ट झाकण अजिबात नको, वाफ कोंडून ते उडतं आणि उघडताना हात भाजतो. सैल झाकणानेसुद्धा गरम हवा अन्नापर्यंत पोचत नाही, मग खरपूसपणा येत नाही. झाकूनच गरम करायचा पदार्थ असेल, सूपसारखा, तर तो साध्या मायक्रोवेव्हलाच द्या आणि तुमचे ते जुने डबे तिथेच वापरा.