पाऊस पडत असताना वावरात जा

महाल, नागपूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

पत्र मिळालं. नोकरी सोडून चार एकर कोरडवाहू कसायला घेतलीस म्हणून तुझ्या बाबांनी मला फोनवर चांगलंच ऐकवलं, जणू मीच तुला फितवलं! असो. हवामान एवढं बदलतंय तर पीक कोणतं घेऊ, असं तू विचारतोस. आधी तुझ्या वावरात पाणी कुठे साचतं ते सांग, मग पिकाचं बोलू.

नागपुरात वर्षाकाठी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस होतो. आकडा बरा दिसतो, पण पावसाची चाल बिघडली आहे. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळपास तिप्पट झाल्या, असं शास्त्रज्ञांनी मोजलंय. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलावाचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, तेव्हा शहरवाल्यांनाही ते कळलं. आपल्या काळ्या मातीत एका रात्रीत पाणी साचून वावर चिबडतं आणि पुढे पंधरा दिवस उघाड पडली की त्याच जागी भेगा पडतात.

म्हणून यंदा धो-धो पाऊस आला की घरात बसू नकोस. विजा थांबल्या की (मोबाईलवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप ठेव, हा हट्ट समज) छत्री आणि हातभर तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्यांची, मोळी घेऊन वावरात जा. पाणी जिथे उभं राहतं तिथे एकेक तुराटी रोव. दुसऱ्या दिवशी जा, तिसऱ्या दिवशी जा. पाणी हटलं नाही त्या तुराट्या तशाच ठेव, बाकीच्या उपट. मग वहीत नकाशा काढ. पूर्वी अशा खोलगट जागी आपल्याकडचे लोक खरिपात पेरतच नसत, ओल धरून हरभरा नाहीतर जवस घेत. तू तिथे दरवर्षी सोयाबीन पिवळं पाडणार असशील, तर आजोबांची रीत बरी. वरच्या मुरमाड पट्ट्यात लवकर निघणारं पीक घे, म्हणजे सप्टेंबरात पावसाने दगा दिला तरी ते हाती लागेल. तूर खोल जमिनीत, पण पाणी निथळेल अशाच जागी. तिची मुळं खोलवरची ओल शोधतात, साचलेलं पाणी मात्र तिला सोसत नाही.

उरलेल्या सोयाबीनला पाणी वाहायला वाट दे. रुंद वरंबा-सरी यंत्र भाड्याने मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर पीक महिन्याचं होत आलं की डवऱ्याला (ओळींमधून फिरवायच्या कोळप्याला) दोरी गुंडाळून दर तीन-चार ओळींनंतर सरी ओढ. पाऊस जास्त झाला तर त्याच सरीतून पाणी बाहेर जातं, कमी झाला तर त्याच सरीत मुरतं. खर्च फक्त दोरीचा.

आता घाईबद्दल. एका मृगात एकच दमदार सर आली, शेजाऱ्याची तिफण निघाली आणि माझ्याने राहवलं नाही. तीन एकरांत तीस-तीस किलोच्या तीन बॅगा पेरल्या. अठरा दिवस आभाळ कोरडं! पाखरांनी उरलेसुरले कोंब खाल्ले. दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर आणताना दुकानदार काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मी तिफण काढली नाही. पर्जन्यमापक नसेल तर खुरपीने वीतभर उकर. तळाच्या मातीचा लाडू वळला तर पेर.

बियाणं घरचं वापरलंस तरी चालतं. सोयाबीन स्वपरागी पीक आहे, दोन-तीन हंगाम तेच बी चालवता येतं. पण शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून बघ. सत्तर उगवले तर निर्धास्त राहा. पोतं मात्र उंचावरून आपटू नकोस, सोयाबीनचं टरफल फार नाजूक असतं.

पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, थोडक्यात सांगतो: फरदडीच्या, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक पुढे ठेवून आणखी कापूस घेण्याच्या, मोहात पडू नकोस, डिसेंबर संपेस्तोवर वावर मोकळं कर. गुलाबी बोंडअळी त्या उभ्या पऱ्हाटीवरच पुढचा हंगाम गाठते. संत्र्याचं एवढ्यात विचारूच नकोस. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि नेमका तेव्हाच अवकाळी येऊन ताण मोडायचा, ते दुखणं वेगळंच आहे. काटोलकडच्या बागायतदारांकडे तुला घेऊन जाईन.

वर्धा रोडवर कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची आणि मृदा सर्वेक्षणाची कार्यालयं आहेत. एवढं सगळं एका शहरात असून आपली पोरं कोणती फवारणी करायची ते दुकानदाराला विचारतात, याचा मला राग येतो. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला वाचत जा.

पोळ्याला घरी ये. पुरणपोळी आहेच, पण वही विसरू नकोस. किती तुराट्या उभ्या राहिल्या ते मला बघायचंय.

तुझा,
काका